एकसष्ट टक्के

फ्रीज थांबला. नेल्सनच्या डोक्याला साबण लावता लावता ते आधी जॉयसीच्या कानांना कळलं आणि मग पाठीला. असताना कधी ऐकू न येणारी ती घरघर एकदम नाहीशी झाली आणि घर पोकळ वाटू लागलं. लाइट गेली, तिला वाटलं, आणि तिचा हात मुलाच्या केसांत तसाच राहिला. मग तिने वर पाहिलं. बाथरूममधला बल्ब जळत होता. बल्ब चालू आणि फ्रीज बंद, हे गणित सुटायला तिला तीनचार श्वास लागले. तेवढ्यात बाहेरच्या खोलीत खट् झालं, पुन्हा एकदा खट् झालं, आणि सासूच्या सपाता फरशीवरून सरसरत गेल्या. फोंड्याच्या घाटाकडे आभाळ जड आवाजात सरकलं. "मांय!" ती ओरडली. "मांय, लॅपटॉपाक हात लावू नकात!"

"काढलंय गो," लिलियनचा आवाज आला, वेळेवर काम उरकल्याच्या समाधानाने भरलेला. "सगळ्यात आधी तोच काढलंय. म्हागाचो तो."

ओल्या हातांनी ती बाहेर धावली. मागे नेल्सनच्या डोळ्यांत साबण गेला आणि तो रडायला लागला. रडताना त्याचा आवाज चांगला मोठा होता. आवाजात काही उणं नव्हतं, कानांत नव्हतं, ते सगळं तपासून झालं होतं. टेबलावर लॅपटॉप मिटलेला होता आणि त्याच्यावर लिलियनने कोपऱ्यांना भरतकाम केलेला पांढरा रुमाल घातला होता, चर्चच्या ओल्तरावर, वेदीवर, घालतात तसा नीट, चारी बाजू सारख्या. वायरची गुंडाळी करून बाजूला ठेवली होती. जॉयसीने रुमाल ओढला, पडदा उघडला. काळा. ती नेल्सनला न्हाऊ घालायला उठली तेव्हा तिथे एकसष्ट टक्के होते. एकसष्ट टक्के पूर्ण, संगणक बंद करू नका. तिने तो आकडा पाठ केला होता, ताप मोजल्यावर आकडा पाठ करावा तसा, म्हणजे परत येऊन पाहिल्यावर चढला की नाही ते कळलं असतं.

"काय झाला गो? पोर रडता," लिलियन म्हणाली. तिच्या हातात मिक्सरचा प्लग अजून तसाच होता.

जॉयसी मागे वळली. बोलली असती तर जे बोलली असती ते पुन्हा आत घेता आलं नसतं. ती बाथरूममध्ये गेली, मुलाच्या डोळ्यांवर पाणी मारलं, त्याला टॉवेलात गुंडाळलं आणि तसंच छातीशी धरून उभी राहिली. तिच्या ब्लाउजला साबण लागला. मुलाचं हृदय फडफडत होतं आणि तिचंही, पण दोन्ही एका ठेक्यात नव्हती.

खरं तर तिने काही राहू दिलं नव्हतं. पाच महिने तो लॅपटॉप तिला विचारत होता, नवी आवृत्ती आली आहे, आता टाकायची की नंतर, आणि पाच महिने ती नंतर म्हणत होती. नंतर म्हणणं तिला बरं वाटे. औषधाच्या बाटलीबरोबर येणारा बारीक अक्षरांचा कागदही ती पूर्ण वाचल्याशिवाय मुलाला चमचा देत नसे. पण ऑक्टोबर लागला आणि विचारण्याचा सूर बदलला. जुन्या आवृत्तीला यापुढे संरक्षण मिळणार नाही. तुमचं उपकरण सुरक्षित नाही. ते वाक्य रोज सकाळी दार उघडावं तसं समोर यायचं. असुरक्षित, म्हणजे कोणीतरी कुठूनतरी आत येऊ शकतं, आणि आत नेल्सनचा तो व्हिडिओ होता. मग ती कामाला लागली. नवी आवृत्ती टाकताना काय काय बिघडू शकतं ते तिने शोधून वाचलं. जागा कमी पडली तर बिघडतं. जुना प्रिंटर, जुने प्रोग्रॅम नव्याशी जमवून घेत नाहीत. मधेच वीज गेली तर सगळ्यात वाईट. तिने जागा केली. प्रिंटर सोडवून ठेवला. लॅपटॉपची बॅटरी वर्षापूर्वीच मेली होती, तो वायरीवरच जगायचा, म्हणून तिने वायरमनला फोन करून विचारलं की या आठवड्यात लाइनीचं काम कधी आहे. मंगळवारी, तो म्हणाला. तिने बुधवार निवडला. दुपारी आभाळ निळं होतं, हे तिने गॅलरीत जाऊन पाहिलं होतं. सगळीकडून कडी लावली, आणि कडी लावलेल्या घरात सासू होती.

लिलियनचा दोष नव्हता. दोष नव्हता, असं जॉयसी मनाशी म्हणत राहिली, आणि प्रत्येक वेळी म्हटल्यावर दोष थोडा वाढत होता. मिठबावला त्यांच्या वाडीत पावसाळा परत फिरताना दुपारी गडगडायला लागलं की प्रत्येक घरातून बायका उठतात आणि भिंतीतली एकेक पिन ओढून काढतात. भांडी आत घेतात, कपडे आत घेतात, तसंच हे. लिलियनच्या परसातल्या माडावर एकदा वीज पडली होती. माड वरून खालपर्यंत काळा झाला आणि घरातला टीव्ही आतून फुटला. तेव्हा तिचा सॅविओ, जॉयसीचा नवरा, दोन वर्षांचा होता आणि टीव्हीपासून हातभर अंतरावर खेळत होता. त्या दिवसापासून लिलियन आभाळाचं ऐकते. कणकवलीच्या या तिसऱ्या मजल्यावरच्या भाड्याच्या ब्लॉकमध्ये माड नव्हता, पण तिच्या कानांना ते कोण सांगणार. सॅविओ जहाजावर, सून एकटी, मूल असं, म्हणून ती मिठबावचं घर शेजाऱ्यांच्या भरवशावर टाकून इथे येऊन राहिली होती. तिने जे वाचवायचं ते वाचवलं होतं. सगळ्यात आधी, म्हागाचो म्हणून.

व्हिडिओ एक्केचाळीस सेकंदांचा होता. जानेवारीची सकाळ, गेल्याच्या गेल्या वर्षीची. नेल्सन दीड वर्षाचा. स्वयंपाकघराच्या फरशीवर बसलेला, हातात पाव, खिडकीच्या गजावर कावळा. तो कावळ्याकडे पाहून काव म्हणतो. मग पावाकडे पाहून पाव म्हणतो, ओठ इतके गोल करून की शेवटी फक्त हवा येते. मग कॅमेऱ्यामागून जॉयसी म्हणते, माका दी, माका दी रे एक घास, आणि तो पाव छातीशी धरून म्हणतो, नाका, म्हणजे नको. स्पष्ट. नाका. आणि त्याच्यावर जॉयसीचं हसू येतं, जोरात, शेवटचं अक्षर झाकून टाकणारं. तीन शब्द. ते महिनाभर होते, दीड महिना होते. मार्चमध्ये ती एकदा त्याला पाव देताना थांबली, काय म्हणायचं, काय हे, आणि त्याने पावाकडे पाहिलं आणि मग तिच्या खांद्यापलीकडे भिंतीकडे पाहिलं. तिला वाटलं भूक नाही. एप्रिलमध्ये वाटलं दात येतायत. शब्द गेले ती तारीख तिच्यापाशी नव्हती, हेच तिला खात होतं. पडलेला दात सापडतो. पडलेला शब्द कुठे पडला ते कळत नाही. तू त्या दिवशी त्याच घरात असतेस, भांडी घासत असतेस, आणि तुझ्या पाठीमागे तो निघून जातो.

तेव्हा सॅविओ जहाजावर गेला होता. लिलियन नाताळ करून मिठबावला परतली होती, कलमांना मोहोर आला होता आणि फवारणीला घरचं माणूस हवं होतं. म्हणजे ऐकणारी एकटी जॉयसी. सॅविओला तिने तो व्हिडिओ पाठवला होता. जहाजावर नेट मोजूनमापून मिळायचं, तो म्हणाला बंदरात लागल्यावर बघतो, आणि बंदरात त्याचा फोन समुद्रात पडला. तिचा स्वतःचा फोन भरला तेव्हा तिने सगळं लॅपटॉपवर नेलं, जपून, नावं घालून. आणि मग घरात सगळे म्हणू लागले की मूल बोललंच कधी? सॅविओ चार वर्षांचो होईसर बोलूक नव्हतो, लिलियन म्हणायची. आता गप करूक सांगाचा लागता. आमचो नेल्सन आपल्या बापाशीवर गेलो, बोलतलो. जॉयसी लॅपटॉप उघडून दाखवायची. लिलियन चष्मा लावून पाहायची आणि प्रेमाने म्हणायची, अगो, पोरां असोच आवाज करतत. तुका शब्द ऐकूक येतत, पोराची आवस तू.

ओरोसच्या दवाखान्यात महिन्यातून एकदा कोल्हापूरच्या डॉक्टरबाई येत. सप्टेंबरमध्ये त्यांनी नेल्सनला तासभर पाहिलं होतं आणि मग पेन ठेवून विचारलं होतं, हा कधीच बोलला नाही, की बोलून थांबला? या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या म्हणाल्या. थांबला असेल तर झोपेत मेंदूचा आलेख काढावा लागेल, लवकर, कारण त्यातलं काही काही लवकर सापडलं तर उपाय असतो. त्यासाठी पुण्याला जावं लागतं, मुलाला औषध देऊन झोपवावं लागतं, उगीच कोणाला पाठवत नाही. बोलून थांबला, जॉयसी म्हणाली. डॉक्टरबाईंनी तिच्याकडे पाहिलं. वाईट नजर नव्हती ती, अनेक आया पाहिलेली नजर होती. काही रेकॉर्डिंग आहे? आहे, जॉयसी म्हणाली, आणि त्या एका शब्दाने तिला इतकं बळ आलं होतं की परतीच्या बसमध्ये तिने स्वतःहून बाजूच्या बाईशी गप्पा मारल्या होत्या. आता शुक्रवारी पुन्हा जायचं होतं. आज बुधवार.

गडगडाट थांबल्यावर लिलियनने एकेक पिन परत लावली. फ्रीज घरघरला. जॉयसीने लॅपटॉपचं बटण दाबलं आणि नेल्सनला मांडीवर घेऊन बसली. ठिपक्यांचं एक वर्तुळ फिरू लागलं. नेल्सनला फिरणारं काहीही आवडायचं, तो पुढे झुकला. मग अक्षरं आली. आम्ही बदल मागे घेत आहोत. तिला त्या आम्हीचा एकदम राग आला. कोण आम्ही? किती जण आहात? मागे घेत आहोत म्हणजे कुठपर्यंत मागे घेणार? वर्तुळ फिरलं, पडदा काळा झाला, खूण आली, पुन्हा वर्तुळ, पुन्हा तेच वाक्य. तिने मोजलं, अकरा वेळा. प्रत्येक वेळी वाक्य इतकं शांत होतं की पहिल्यांदाच म्हणतायत असं वाटे. आपण पूर्वी काय म्हणालो ते आठवत नाही, पुढे काय म्हणायचं ते माहीत नाही, फक्त हे एक वळण, एवढंच शिल्लक. मांडीवर नेल्सनने पंख्याकडे पाहून हात हलवायला सुरुवात केली, तसाच, मनगटातून, न थांबता. तिच्या मनात काहीतरी येऊ लागलं आणि तिने ते येऊ दिलं नाही. माणूस म्हणजे यंत्र नव्हे. पण एक नवीन काहीतरी त्याच्या डोक्यात येत होतं त्या मार्चमध्ये, काहीतरी मोठं, आणि जुनं काढून ठेवलेलं होतं, आणि तेवढ्यात कोणी काय ओढलं? तिनेच? त्याचं अंगावरचं दूध तिने त्याच महिन्यात तोडलं होतं. गालगुंड होऊन ताप आला होता. ती फोनवर जास्त होती का? तिने डोळे मिटले. पेनड्राइव्ह कपाटात होता. शनिवारी तिने सगळं त्याच्यावर उतरवायला घेतलं होतं, तीन तास लागतील असं आलं, नेल्सन उठला, तिने थांबवलं. फक्त तो एक व्हिडिओ आधी घ्यावा, हे सुचलं नव्हतं असं नाही. सुचलं होतं. पण तो एकटा वेगळा काढला की तो धोक्यात आहे असं आपणच कबूल केल्यासारखं होईल, असं काहीतरी वाटून तिने हात मागे घेतला होता. तुमच्या फायली जागच्या जागी राहतील, असं लिहिलं होतं ना.

गुरुवारी सकाळी ती गुरुदासकडे गेली. बसस्टँडमागे त्याचं दुकान, आधी रेडिओचं, मग टीव्हीचं, आता याचं. पन्नाशीचा माणूस, नाकावर भिंग. त्याने लॅपटॉप उलटा करून उघडला, आतली डिस्क काढून आपल्या यंत्राला लावली, कान जवळ नेला. रेडिओच्या काळातली सवय असावी.

"बाय, अपडेट मदीच तुटलो," तो म्हणाला. "कसा सांगू. घराच्या छपराचे नळे काढल्यानी, नवीन घालूचे हुते, आणि मदीच पावस इलो. जुना छप्पर रवला नाय, नवीन झाला नाय."

"प्लग काढलो सासवेन," जॉयसी म्हणाली. "गडगडत हुता म्हणान."

"कणकवलीत निम्मी गिऱ्हायकां माका वीज देता आणि निम्मी सासवो देतत," गुरुदास हसला. मग तिचा चेहरा पाहून त्याने हसू आवरलं आणि पुन्हा कान लावला. "पण तुका खरा सांगू? प्लग काढलो म्हणानच गेलो, असा नाय. ही डिस्क आधीच कुजलेली. ऐक."

तिने कान लावला. आत कोणीतरी नखाने दार खरवडत होतं, थांबून थांबून.

"नळे काढूक गेले आणि वासोच सडको निघालो. प्लग रवलो असतो तरी अपडेट पुरो झालो नसतो. आज नाय तर उद्या जातलोच हुतो."

"पण कशान गेलो मगे? प्लगान की डिस्कान?"

"ता आता कोण सांगतलो?" तो म्हणाला. "दोनय खरां."

नवीन सगळं घालून देतो, तो म्हणाला, तासाभराचं काम, पण आतलं सगळं पुसलं जाईल. आतलं हवं असेल तर डिस्क कोल्हापूरला पाठवायची. महिना. मिळात तर मिळात. उद्याच्या आत काही होईल का, असं तिने विचारलं, आणि विचारतानाच तिला स्वतःचा आवाज दवाखान्याच्या व्हरांड्यातल्या बायकांसारखा वाटला, ज्या डॉक्टर आत गेल्यावरही बंद दाराशी बोलत असतात. गुरुदासने डिस्क कागदात गुंडाळली, वर तिचं नाव लिहिलं. ती पुडी दाढ काढल्यावर हातात देतात तशी होती.

घरी लिलियन दारातच उभी होती. नेल्सन तिच्या कडेवर, खाली पाय लोंबणारा, कडेवर घेण्याचं वय उलटलेला. सकाळपासून ती जेवली नव्हती हे ताट पाहून कळलं. "काय म्हणता तो?" तिने विचारलं. "माझ्या काढण्यान गेलो मां?"

इथे जॉयसीला बोलता आलं असतं. मांय, डिस्क आधीच गेलेली, तुमी नसता काढलो तरी गेलोच असतो. एवढंच. ते तिच्या जिभेवर होतं, तयार, गुरुदासच्याच शब्दांत. तिने नेल्सनला घेतलं, त्याच्या मानेत नाक खुपसलं. दोन वर्षं ही बाई प्रेमाने म्हणत आली होती की तुका ऐकूक येता, आवस तू. "कोल्हापूराक धाडलो," ती म्हणाली. "महिनो लागतलो." आणि आत गेली. मागे लिलियन म्हणाली, "येशू, माझ्या हातांक काय झाला," आणि ते वाक्य जॉयसीने ऐकलं, आणि ऐकून तिला बरं वाटलं. घटकाभरच, पण वाटलं. मग नाही वाटलं. संध्याकाळी रुझाराच्या जपमाळेला लिलियनचा आवाज रोजच्यापेक्षा खाली होता आणि मणी सरकायला वेळ लागत होता. जॉयसी तिच्या बाजूला गुडघे टेकून उत्तरं देत होती आणि प्रत्येक दहा मण्यांच्या शेवटी तिला वाटे, आता सांगू. पुढच्या दहांच्या शेवटी. सगळ्या साखळीचे मणी संपले.

शुक्रवारी सकाळच्या बसने तिघं ओरोसला गेली. लिलियनने चर्चला नेसायची निळी साडी नेसली होती. नेल्सन खिडकीच्या गजावरून बोट फिरवत होता, एक गज, दोन गज, तीन गज, पुन्हा पहिला. लिलियन एकदाच, हायवेच्या पुलावर, म्हणाली, "त्या फिल्मीत तो काय म्हणता गो? तीन शब्द म्हणतंस ते खयचे?" काव, पाव, नाका, जॉयसीने सांगितलं. लिलियनने ओठ हलवून ते पाठ केले, आणि जॉयसीने काचेत तिच्या ओठांकडे पाहिलं आणि काही विचारलं नाही.

डॉक्टरबाईंनी नेल्सनला रंगीत ठोकळे दिले. त्याने ते रांगेत लावले. मग त्या वळल्या. "आणलंत रेकॉर्डिंग?"

जॉयसीने सगळं सांगितलं, अपडेट, प्लग, डिस्क. सांगताना तिला कळत होतं की हे गृहपाठ न आणलेल्या मुलासारखं ऐकू येतंय. डॉक्टरबाई मान हलवत होत्या. होतं असं, त्या म्हणाल्या. मग आठवून सांगा. कधी बोलला, किती दिवस, कोणकोणत्या वेळी, अर्थ कळून की नुसता आवाज? जॉयसी काटेकोर होती, कॉलेजात तिला त्यासाठी मार्क मिळत. खात्री नसलेलं ती खात्री असल्यासारखं लिहीत नसे. "जानेवारीत," ती म्हणाली. "म्हणजे डिसेंबरच्या शेवटीही असेल. मला वाटतं अर्थ कळून. पाव पाहून पाव म्हणायचा. बहुतेक वेळा. नंतर... नेमकं कधी थांबला ते मला सांगता येणार नाही." मला वाटतं, बहुतेक, नेमकं नाही. तिचे शब्द तिच्यासमोर एकेक करून पातळ होत होते. डॉक्टरबाईंचं पेन कागदावर टेकलेलं होतं आणि लिहीत नव्हतं. "घरात आणखी कोणी ऐकलं होतं?"

"मी ऐकलं," लिलियन म्हणाली.

ती उभी राहिली होती, साक्ष द्यायला उभं राहावं तशी. मालवणी बाजूला ठेवून ती सरकारी ऑफिसातली मराठी बोलत होती, तोलून. "मी त्याची आजी. मी ऐकलं आहे, डॉक्टर. तो बोलायचा. काव म्हणायचा, पाव म्हणायचा, नको म्हणायचा."

"बरं," डॉक्टरबाई म्हणाल्या आणि लिहू लागल्या. "आणखी काही?"

लिलियन अडखळली. पाठ केलेलं संपलं होतं. मग तिचा चेहरा बदलला, कुठूनतरी उजेड पडावा तसा. "डॅडी म्हणायचा. त्याच्या वडलांचा फोन आला की. फोन हातात घ्यायचा आणि डॅडी म्हणायचा, स्पष्ट. नाताळपर्यंत म्हणायचा. नाताळनंतर थांबला."

नेल्सन डॅडी कधीच म्हणाला नव्हता. आणि नाताळनंतर तर शब्द आले होते, गेले मार्चमध्ये. जॉयसीने तोंड उघडलं. पेन चालत होतं. चौथा शब्द त्यांनी अवतरणात लिहिला, पुढे डिसेंबर लिहिलं आणि खाली एक रेघ मारली. ही एक गोष्ट खोटी आहे, असं म्हटलं की उरलेल्या तिन्ही गेल्या, आणि उभ्या असलेल्या या म्हाताऱ्या बाईला, जी उपवासाच्या दिवशी चुकून तोंडात गेलेला खोबऱ्याचा तुकडासुद्धा कबुलीजबाबात पाद्रींना सांगते, खाली बसवावं लागेल. "आजींनीही ऐकलंय म्हणजे," डॉक्टरबाई म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजातली ती अनेक आया पाहिलेली धार गेली होती, "मग आपण पुण्याला आलेख काढून घेऊ. मी चिठ्ठी देते." जॉयसीने तोंड मिटलं. हवी होती ती चिठ्ठी हातात आली. वर बोलणं थांबल्याचा महिना लिहिला होता, चुकीचा. आणि त्या महिन्यावर पुढचे सगळे डॉक्टर विश्वास ठेवणार होते.

रविवारी चर्चमध्ये मीसाला कोमुन्यांवच्या, पवित्र भाकर घेण्याच्या, वेळी सगळं बाक उठलं. मनावर पाप असताना ती घ्यायची नसते. लिलियन उठली नाही. नेल्सनला मांडीवर घेऊन, त्याला सांभाळायला कोणीतरी हवं अशा आविर्भावात, ती बसून राहिली. आणि जॉयसी तिच्या गुडघ्यांवरून वाट काढत पुढे गेली, हात जोडून, जिभेवर अजून न सांगितलेलं वाक्य घेऊन. परत येताना दोघींची नजर भेटली. लिलियनने आधी खाली पाहिलं.

दुपारी सॅविओचा फोन आला. जेवण झालं होतं, नेल्सन फरशीवर झाकण फिरवत बसला होता. पडद्यावर सॅविओ कुठल्यातरी बंदरात, मागे पिवळी क्रेन, चेहरा थांबून थांबून हलणारा. डॉक्टरबाईंनी पुण्याला पाठवलं हे ऐकून त्याने आधी शिव्या दिल्या, मग विचारलं, "पण म्हणजे तो बोलत हुतो, ह्या मानल्यानी त्येनी?"

"मांयन सांगल्यान," जॉयसी म्हणाली.

"मांयन? मांय, तू काय सांगलंस?"

लिलियन सिंकपाशी होती. ती वळली नाही. नळ तसाच चालू. "काय नाय रे," ती म्हणाली. "तो... फोन इलो की तुका डॅडी म्हणायचो, म्हणान सांगलंय."

पडदा थांबला. नेट गेलं असं जॉयसीला वाटलं. मग दिसलं की नेट होतं, क्रेन हलत होती. सॅविओच थांबला होता. तीन वर्षांत त्या माणसाने मुलाकडून एक शब्द मागितला नव्हता. दर रविवारी तो पडद्यातून टाळ्या वाजवायचा, शिट्टी घालायचा, आणि मुलगा फोनच्या कडेच्या दिव्याकडे पाहायचा, आणि तो म्हणायचा, बरो आसा मां, बस झाला.

"होय मगो," सॅविओ म्हणाला. आवाज घोगरा होता. "म्हणायचो तो. माका याद आसा. मी दुबयाक हुतंय तेव्हा. होय. डॅडी म्हणायचो."

नळ बंद झाला.

"जॉयसी, तुका याद आसा मां?"

तिने नेल्सनकडे पाहिलं. झाकण फिरत होतं, आडवं होत होतं, तो पुन्हा उभं करत होता. तिने आठवायचा प्रयत्न केला, फरशी, गजावरचा कावळा, हातातला पाव, ओठ गोल होतात आणि, आणि तिथे तिचं स्वतःचं हसू आलं, मोठं, आणि त्याच्याखालचं काही ऐकू येईना.

"होय," ती म्हणाली.

"कसो म्हणायचो? तू म्हणान दाखय. त्याच्यासारखो." तो पडद्याच्या इतका जवळ आला की नुसते डोळे आणि कपाळ दिसत होतं. "दाखय गो."

लिलियन हात पुसत दारात आली होती आणि पदर तोंडाशी धरून उभी होती. ती मान हलवत होती, नाही म्हणून की हो म्हणून, ते कळत नव्हतं. जॉयसीने ओठ ओले केले. मग आवाज बारीक केला, जीभ थोडी जड केली, दुसरं अक्षर जरा लांबवलं, दीड वर्षाचं मूल लांबवतं तसं, आणि म्हणाली, "डॅडी."

फारच चांगलं आलं ते. पलीकडे सॅविओ हसत होता आणि मनगटाने डोळे पुसत होता, आणि फरशीवर झाकण फिरत होतं.

"परत म्हण," तो म्हणाला.

तिने परत म्हटलं.